पाट बुजवायचे की वाहते ठेवायचे?

जळगाव शहराच्या पश्चिमेला वसलेले पिंप्राळा हे एकेकाळचे स्वतंत्र खेडे. आषाढी एकादशीला निघणाऱ्या विठ्ठलाच्या रथामुळे खानदेशात सर्वांना परिचित असलेले हे गाव आता जळगाव महापालिकेच्या हद्दीत सामावले आहे. शिवारातल्या शेतांचे प्लॉट झाले, प्लॉटांवर कॉलन्या उभ्या राहिल्या आणि शेतांबरोबर पाण्याच्या वाटाही वस्तीच्या पोटात आल्या. जे नाले आणि ओहोळ पूर्वी बांधाच्या कडेने वाहत असत, ते आता घरांच्या मागच्या भिंतींमधून वाट काढतात. पावसाळ्यात ते तुंबले की आठवण होते. उरलेले आठ महिने ते कचरा टाकण्याची सोयीची जागा ठरतात. मग एके दिवशी मागणी येते, वर स्लॅब टाका आणि रस्ता करा.

ही स्थिती केवळ पिंप्राळ्याची नाही. महाराष्ट्रात जी जी गावे वाढून शहरे झाली, त्या प्रत्येक ठिकाणी कालवे, पाट आणि नाले यांचे असेच झाले आहे. याउलट, गेल्या काही दशकांत जगातल्या अनेक शहरांनी बुजवलेले जलमार्ग पुन्हा उघडले, त्यांच्या काठाने पायवाटा काढल्या आणि ते फिरण्याचे, भेटण्याचे, पर्यटनाचे ठिकाण बनवले. ते कसे घडले, आपल्याकडे काय करता येईल आणि त्यात नेमक्या अडचणी कोणत्या, हे समजून घेणे म्हणूनच आवश्यक आहे.

तीन प्रकारचे प्रवाह

शहरातून वाहणारे पाणी सरसकट एकाच मापाने मोजता येत नाही. पहिला प्रकार पाटबंधारे खात्याच्या कालव्याचा. धरणातून शेतीसाठी निघालेला हा कालवा वाटेत शहर लागले म्हणून त्यातून जातो. त्यातले पाणी शेतकऱ्याच्या हक्काचे असते आणि ते बारमाही नसून आवर्तनाने सुटते. दुसरा प्रकार नैसर्गिक नाल्याचा. पावसाचे पाणी नदीपर्यंत पोहोचवणे हे त्याचे काम. परंतु बहुतेक शहरांत त्याच्यावर सांडपाण्याचे ओझे येऊन पडले आहे. तिसरा प्रकार जुन्या पाणीपुरवठ्याच्या पाटांचा आणि भूमिगत नहरींचा. त्यांचा मूळ उपयोग संपला असला, तरी त्यांच्या जागा व बांधकामे अनेक ठिकाणी शिल्लक आहेत.

पुनरुज्जीवनाची पद्धत या तिन्हींसाठी वेगळी असते. नाल्याला कालवा समजून त्याची दोन्ही बाजूंनी काँक्रीटची गटार केली, तर पावसाळ्यात पाणी वेगाने खालच्या वस्तीवर आदळते. कालव्याला नाला समजून त्यात सांडपाणी सोडले, तर ते थेट पिकांपर्यंत जाते. आपल्या शहरांनी या दोन्ही चुका केलेल्या आहेत.

खानदेशाची जुनी विद्या

पाण्याचा पाट सांभाळणे ही गोष्ट खानदेशाला नवी नाही. पांझरा, कान, बुराई, तसेच शेजारच्या नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर शेकडो वर्षांपासून फड पद्धतीने सिंचन होत आले. नदीवर दगडी बंधारा बांधायचा, त्यातून पाट काढायचा, पाटाला चाऱ्या फोडायच्या आणि पाण्याखालचे सारे क्षेत्र फडांत वाटून प्रत्येक फडात एक ठरलेले पीक घ्यायचे, अशी ती रचना होती. पाणी उताराने वाहत असल्याने उपशाची गरज नव्हती. उरलेले पाणी पुन्हा नदीला मिळे.

या रचनेतील महत्त्वाची बाब बांधकामाची नसून व्यवस्थेची होती. पाणी सोडण्यासाठी पाटकरी आणि राखणीसाठी जागल्या हे गावाने नेमलेले लोक असत. पाटातला गाळ काढण्याचे काम लाभधारकांनी मिळून करायचे, हा दंडक होता. कोणाच्या शेताला किती पाणी, हे पाट कोणी किती सांभाळला याच्याशी जोडलेले होते. मोठी धरणे झाली, विहिरींवर पंप बसले, तशी ही पद्धत मागे पडली. तथापि जलव्यवस्थापनाचे अभ्यासक आजही तिचा दाखला देतात.

जळगाव जिल्ह्याच्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपुरात याहून वेगळे उदाहरण पाहायला मिळते. सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल अडवून ते जमिनीखालच्या बोगद्याने शहरात आणणारा कुंडी भंडारा १६१५ च्या सुमारास, अब्दुल रहीम खानखाना तेथे सुभेदार असताना, तयार झाला. ठरावीक अंतरावर खोदलेल्या विहिरींसारख्या कुंड्यांची एक रांग जमिनीवर दिसते आणि खाली पाणी वाहत असते. पर्यटकांना एका कुंडीतून लिफ्टने खाली उतरून हा बोगदा पाहता येतो. चारशे वर्षांपूर्वीची पाणीपुरवठा योजना आज शहराची ओळख बनली आहे.

छत्रपती संभाजीनगरातही मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी नहर-ए-अंबरी उभारली. त्याच परंपरेतील नहरीच्या पाण्यावर चालणारी पाणचक्की अठराव्या शतकातली. दर्ग्यात येणाऱ्यांसाठी धान्य दळणारी ही चक्की आता शहरातील प्रमुख पर्यटनस्थळांपैकी एक आहे. त्याच शहरात खाम नदीच्या पात्रातील कचरा काढून काठ मोकळे करण्याचे काम महापालिका, छावणी परिषद आणि स्वयंसेवी संस्थांनी एकत्र येऊन अलीकडच्या काळात हाती घेतले. त्यातही पहिला भर सुशोभीकरणावर नव्हता, तर पात्रात येणारा कचरा मुळाशीच थांबवण्यावर होता.

खुद्द जळगावचे उदाहरण मेहरूण तलावाचे. एकेकाळी शहराची तहान भागवणारा हा तलाव आज फिरायला येणाऱ्यांचे आणि गणेश विसर्जनाचे ठिकाण आहे. या तलावाला अंबरझरा तलावाकडून पाटाने पाणी येते. पाट गाळाने आणि झुडपांनी बुजला, की चांगला पाऊस होऊनही तलाव रिकामा राहतो. श्रमदानाने तो मोकळा केला, की पाणी येते. तलावाच्या काठावर कितीही सुशोभीकरण केले, तरी तलावाचे आयुष्य त्या दुर्लक्षित पाटावरच अवलंबून असते.

पुण्याच्या कालव्याचा धडा

महाराष्ट्रात शहरी कालव्याचा प्रश्न सर्वाधिक तीव्रतेने पुण्यात उभा राहिला. खडकवासला धरण १८७० च्या दशकात बांधले गेले आणि मुठेच्या दोन्ही काठांनी कालवे निघाले. पुणे शहर व लष्कर यांना पाणी आणि पूर्वेकडील दुष्काळी भागाला सिंचन, असा त्यांचा दुहेरी हेतू होता. डावा कालवा कालांतराने बंद पडला. त्याच्या जागेवर कर्वेनगर-एरंडवणे भागात रस्ता झाला आणि त्या रस्त्याचे 'कॅनॉल रोड' हे नावच काय ते पाण्याची खूण म्हणून उरले.

उजवा कालवा मात्र वाहता राहिला. वडगाव, पर्वतीचा पायथा, स्वारगेट, लष्कर, हडपसर असा शहराच्या मध्यातून जाणारा हा कालवा पुढे दौंड-इंदापूरकडील शेतीला पाणी देतो. त्याच्या काठावर झाडी वाढली, सकाळी फिरणाऱ्यांची वर्दळ सुरू झाली. त्याचबरोबर दोन्ही बाजूंनी दाट वस्त्याही उभ्या राहिल्या. कालव्यात कचरा आणि सांडपाणी येऊ लागले, भरावाच्या देखभालीकडे दुर्लक्ष झाले.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी भर दिवसा जनता वसाहतीजवळ या कालव्याची भिंत फुटली. पाण्याचा लोंढा सिंहगड रस्ता ओलांडून दांडेकर पूल परिसरातील वस्तीत घुसला. अनेक घरे वाहून गेली वा पडली, शेकडो कुटुंबांचा संसार चिखलात गेला. १९६१ च्या पानशेत पुराच्या आठवणी अनेकांच्या मनात जाग्या झाल्या. उंदीर, घुशी आणि खेकडे यांनी भराव पोखरल्याचे कारण तत्कालीन जलसंपदामंत्री गिरीश महाजन यांनी दिले. त्या विधानावर बरीच टीका झाली. वास्तविक मातीचा भराव प्राण्यांमुळे पोखरला जातो, ही बाब अभियांत्रिकीदृष्ट्या खोटी नाही; किंबहुना म्हणूनच भरावाची नियमित पाहणी करण्याची पद्धत कालवा व्यवस्थापनात पहिल्यापासून आहे. पाहणी का झाली नाही, हा प्रश्न त्या उत्तराने सुटत नाही.

यानंतर खडकवासला ते फुरसुंगी असा सुमारे २८ किलोमीटरचा बोगदा काढून कालव्याचे पाणी भूमिगत नेण्याच्या प्रस्तावाला गती मिळाली. गळती, बाष्पीभवन आणि चोरी थांबून पाणी वाचेल, असा त्यामागचा तर्क आहे आणि तो योग्यही आहे. पण कालव्याची रिकामी होणारी जमीन कशासाठी वापरायची, हा त्याहून नाजूक प्रश्न आहे. शहराच्या मध्यातून जाणारी, सलग आणि सरकारी मालकीची अशी पट्टी पुन्हा कधीही मिळणार नाही. ती वाहनांच्या रस्त्याला द्यायची, की पायी चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना, झाडांना आणि शेजारच्या वस्त्यांना, हे ठरवताना डाव्या कालव्याचे उदाहरण पुणेकरांसमोर आहे.

जगाने काय केले?

दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, चाँगेचान नावाचा ओढा १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून टप्प्याटप्प्याने झाकला गेला आणि त्यावर उड्डाणमार्ग आला. जुलै २००३ मध्ये हा मार्ग पाडण्यास सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २००५ मध्ये जवळपास सहा किलोमीटरचा वाहता ओढा नागरिकांसाठी खुला झाला. वाहतूक कोलमडेल, ही भीती खरी ठरली नाही. ओढ्याकाठचे उन्हाळी तापमान आसपासच्या रस्त्यांपेक्षा काही अंशांनी कमी असल्याचे मोजणीत आढळले. उन्हाळ्यात पंचेचाळीस अंश सोसणाऱ्या जळगावकरांना या बाबीचे महत्त्व वेगळे सांगायला नको.

तथापि या यशाची दुसरी बाजूही आहे. मूळ ओढा आटलेला असल्याने त्यात दररोज सुमारे १ लाख २० हजार टन, म्हणजे १२ कोटी लिटर पाणी मुख्यतः हान नदीतून पंपाने आणून सोडावे लागते. ओढ्यावर पोट असलेल्या फेरीवाल्यांना तेथून हलवण्यात आले, त्यावरून संघर्षही झाला.

नेदरलँड्समधील उट्रेख्ट शहराने १९७० च्या दशकात आपल्या ऐतिहासिक कालव्याचा एक भाग कोरडा करून तेथे रुंद रस्ता काढला होता. २००२ मध्ये नागरिकांनी मतदानाद्वारे शहराच्या मध्यभागाच्या फेररचनेला कौल दिला आणि २०२० मध्ये कालव्याचे वर्तुळ पुन्हा पूर्ण झाले. निर्णयापासून पाण्यापर्यंत अठरा वर्षे लागली, ही गोष्ट घाईघाईने भूमिपूजने उरकणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी अशी आहे.

ब्रिटनमध्ये औद्योगिक क्रांतीच्या काळात कोळसा वाहण्यासाठी खोदलेले कालवे रेल्वे आल्यानंतर ओस पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर हौशी नागरिकांनी संघटना स्थापून ते वाचवण्याची चळवळ सुरू केली. सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक चिखलात उतरून गाळ काढत. घोड्यांनी नावा ओढण्यासाठी केलेल्या काठच्या वाटा आज फिरण्याच्या आणि सायकलच्या वाटा झाल्या आहेत. बर्मिंगहॅममध्ये गोदामांच्या पडीक भागाला कालव्यामुळे नवे जीवन मिळाले, तर स्कॉटलंडमध्ये २००२ साली नावा उचलून एका कालव्यातून दुसऱ्यात सोडणारे फॉल्कर्कचे प्रचंड चक्र उभे राहिले. २०१२ पासून इंग्लंड व वेल्समधील सुमारे ३,२०० किलोमीटरचे जलमार्ग एक धर्मादाय न्यास सांभाळतो.

आपल्या देशात याच्या नेमके उलट उदाहरण चेन्नईचे. समुद्राला समांतर जाणाऱ्या बकिंगहॅम कालव्यातून एकेकाळी मालाच्या नावा चालत. शहरी रेल्वे उभारताना तिचे खांब या कालव्याच्याच पात्रात रोवण्यात आले आणि जलमार्ग म्हणून त्याचा शहरापुरता शेवट झाला.

कामाचा क्रम

पुनरुज्जीवन म्हटले, की बाके, दिवे आणि कारंजी डोळ्यांसमोर येतात. प्रत्यक्षात ती शेवटची पायरी आहे. पहिली पायरी सांडपाणी वेगळे करण्याची. नाल्यात वा पाटात उघडणारा प्रत्येक नळ शोधून तो भुयारी गटाराला जोडल्याशिवाय पुढील खर्च पाण्यात जातो, कारण दुर्गंधीच्या काठावर कोणी फिरायला येत नाही.

दुसरी पायरी पाण्याची. खानदेशात पाऊस चार महिन्यांचा आणि वर्षाकाठी साधारण सातशे मिलिमीटरच्या आसपास. उरलेल्या काळात प्रवाहात पाणी आणायचे कोठून? पिण्याचे पाणी शोभेसाठी वापरणे येथे कोणालाही मान्य होणार नाही आणि होऊही नये. सोलचा ओढा रोज पितो तेवढ्या पाण्यात जळगावसारख्या दोन शहरांची गरज भागेल. कारण २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ४ लाख ६० हजार होती. माणशी १३५ लिटरचा मापदंड धरला, तर ही गरज दिवसाला सहा कोटी लिटरच्या थोडी वर जाते.

मात्र याच हिशेबात उत्तरही आहे. पुरवलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे मानले जाते. म्हणजे या मापदंडाने दिवसाला सुमारे पाच कोटी लिटर, अर्थात २० क्युसेकचा अखंड प्रवाह. त्यातील दहावा हिस्सा जरी नीट शुद्ध करून नाल्याच्या वरच्या टोकाला सोडला, तरी दोन क्युसेक पाणी बारमाही वाहू शकेल. फिरण्याच्या काठासाठी खोल पाणी लागत नाही. ठिकठिकाणी गुडघाभर उंचीचे बंधारे घातले, तर वीतभर पाणीही डोळ्यांना पुरते आणि ते वाहते राहिल्याने डासही होत नाहीत. खालच्या बाजूला हेच पाणी शेतीला देता येते.

तिसरी पायरी काठाची. कालव्याच्या भरावावर पाहणीसाठी ठेवलेला रस्ता ही तयार पायवाट असते. परंतु भरावावर मोठी झाडे लावणे धोक्याचे. त्यांची मुळे मातीत पोकळ्या करतात. झाडे भरावाच्या पायथ्यापासून दूर, उतारावर गवत किंवा वाळा, अशी विभागणी करावी लागते. नाल्याच्या बाबतीत तर पुराच्या पाण्याला पसरायला जागा ठेवणे हेच सर्वांत स्वस्त संरक्षण ठरते. बाग पावसाळ्यात चार दिवस पाण्याखाली गेली तरी बिघडत नाही. घर गेले तर बिघडते. कालव्याला आतून काँक्रीट करताना आणखी एक बाब पाहावी लागते. त्याच्या पाझरावर आसपासच्या विहिरी जगत असतात. गळती थांबली, की कालव्यात पाणी वाचते, पण विहिरी कोरड्या पडू शकतात.

चौथी आणि सर्वांत कठीण पायरी मालकीची. कालव्याची जमीन जलसंपदा विभागाची, पाणी शेतकऱ्यांचे, कचरा महापालिकेच्या हद्दीतला, नाल्याकाठची काही जागा खासगी. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ नुसार कालव्याचे नुकसान करणे वा पाणी दूषित करणे गुन्हा आहे. पण रोजच्या सफाईची जबाबदारी कोणाची, यावर दोन कार्यालयांमध्ये पत्रव्यवहार चालत राहतो. २००५ च्या कायद्याने सिंचनासाठी पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. तशी एखादी सामाईक व्यवस्था शहरातल्या प्रवाहासाठी नाही.

काठावरच्या माणसांचे काय?

शहरी जलमार्गांच्या काठावर बहुधा शहरातील सर्वांत गरीब माणसे राहतात. जमीन सरकारी आणि दुर्लक्षित असते, म्हणूनच ती त्यांच्या वाट्याला येते. कालवा फुटला की पहिला फटका त्यांना बसतो आणि कालवा सुंदर करायचे ठरले की पहिली नोटीसही त्यांनाच येते. अशा वेळी पर्यटनाच्या नावाखाली वस्ती उठवून काठ मोकळा केला, तर तो इतरांसाठी मोकळा होतो.

यातून मार्ग निघू शकतो. पुराच्या थेट धोक्यात असलेल्या घरांचे जवळच, कामाच्या ठिकाणापासून दूर न नेता पुनर्वसन करणे आणि बाकीच्या वस्तीला शौचालय, गटार व घंटागाडी देणे, ही कामे सुशोभीकरणाच्या अंदाजपत्रकातच धरली गेली पाहिजेत. फेरीवाल्यांना जागा आखून दिली, तर त्यांची उपजीविका टिकते आणि काठावर दिवसभर माणसांची जाग राहते. अंधारे, निर्मनुष्य काठ महिलांना व मुलांना असुरक्षित वाटतात. तेथे माणसांचा वावर हीच खरी सुरक्षा असते. जे लोक काठावर राहतात, तेच त्याचे पाटकरी आणि जागल्या होऊ शकतात. फड पद्धतीने शिकवलेली गोष्ट नेमकी हीच आहे.

पिंप्राळ्यापुरते बोलायचे तर

पिंप्राळ्यासारख्या वाढत्या उपनगराला एक फायदा आहे. जुन्या शहरात प्रवाह आधीच कोंडले गेले, त्यामुळे ते उघडण्याचा खर्च फार मोठा येतो. येथे मात्र नव्या वसाहती अजून आखल्या जात आहेत. ले-आउट मंजूर करतानाच नाल्याची रुंदी आणि त्याच्या दोन्ही बाजूंची मोकळी जागा नकाशावर कायम केली, मोकळ्या भूखंडांची बाग नाल्यापासून दूर कोपऱ्यात न टाकता त्याच्या काठाला ठेवली, तर वेगळ्या भूसंपादनाशिवाय सलग हिरवा पट्टा मिळू शकतो. यासाठी पंचतारांकित आराखड्याची गरज नाही. गरज आहे ती नाल्याच्या उगमापासून संगमापर्यंत एकदा चालत जाऊन त्याची मोजणी करण्याची.

स्लॅब टाकून रस्ता करण्याची मागणी समजण्यासारखी आहे. दुर्गंधी, डास आणि साप यांनी त्रासलेल्या माणसाला दुसरे काय सुचणार? पण झाकलेला नाला स्वच्छ होत नाही, तो फक्त दिसेनासा होतो. त्यातील गाळ काढायला यंत्र आत जात नाही आणि मोठा पाऊस झाला, की तेच पाणी वरच्या रस्त्याने घरात शिरते. त्यानंतर स्लॅब फोडण्याचा खर्च पुढच्या पिढीच्या माथी येतो. सोल आणि उट्रेख्ट यांनी तो खर्च करून पाहिला. पिंप्राळ्याला तो टाळण्याची संधी अजून आहे. नवा ले-आउट मंजुरीला येईल त्या प्रत्येक वेळी ती थोडी कमी होत जाईल.